चिकाचे डाग

९ फेब्रुवारी, रविवार

आज धुळ्याहून ज्योती आली. माझी धाकटी बहीण. ती आली की घरात जरा हालचाल होते, म्हणून सकाळी बरं वाटलं होतं. दुपारी जेवायला बसलो. माझे वडील आबा, मी, ज्योती आणि माझी मुलगी पुनम. माझी बायको लता वाढत होती. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता. आणि ज्योतीने भाकरी मोडता मोडता विषय काढला.

सात वर्षांपूर्वी तिला कॅन्सर झाला तेव्हा डावा स्तन काढला. हा शब्द लिहितानाही माझा पेन अडतो. आमच्या घरात आम्ही 'ज्योतीचं ऑपरेशन' एवढंच म्हणतो. आता नव्या डॉक्टर बाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं, त्यात काही दोष निघाला. जन्मापासूनचा. बीआरसीए-टू असं नाव आहे त्याला. त्यामुळे दुसऱ्या बाजूलाही पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि अंडाशयातही. म्हणून ती अंडाशय काढून टाकणार आहे.

हे सगळं तिने आबांसमोर, भरताचा घास हातात धरून सांगितलं.

"आणि दादा, हे आईकडून आलंय. आईचं पोट फुगलं होतं ना, ते जलोदर नव्हतं. तुलाही तपासून घ्यावं लागेल. तुझ्यात असलं तर पुनमला येण्याची शक्यता निम्मी."

"पहिले जेवू द्या बठ्ठासले," आबा म्हणाले. "मंग बोला."

मी ताटावरून उठलो. हात धुतले, पुन्हा धुतले. मेलेल्या आईचं पोट काय, अंडाशय काय, आणि जेवणाच्या ताटावर! शिकलेल्या बाईला, तेही शाळेत शिकवणाऱ्या बाईला, एवढं भान नसावं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

ज्योती काल गेली. जाताना मी एसटीपर्यंत सोडायला गेलो नाही.

आज पुनमने मोबाईलवर काहीतरी वाचून मला गाठलं. ती बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे तिला सगळं कळतं असा तिचा समज आहे. "पप्पा, हे बापाकडूनही मुलांत येतं. आणि पुरुषांनाही होतं." मी म्हणालो, पुरुषांना असतं काय तिथे, तर होईल. ती हसली नाही. मी बजावलं की हा विषय या घरात पुन्हा निघायला नको. तिच्यासाठी यावलचं स्थळ आलं आहे, दोन घरं सोडून गोष्ट गेली तरी संपलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

यावलची मंडळी येऊन गेली. धनसिंग भाऊ, त्यांची बायको आणि मुलगा भूषण, बँकेत आहे. मुलगा बरा वाटला. पुनमशी ओट्यावर बसून बराच वेळ बोलला, ती दोनदा मोठ्याने हसली.

सकाळी एक गाडी भरायची होती म्हणून मी शेडवर गेलो होतो. परतलो तर बनियनवर डावीकडे तपकिरी डाग. केळीचा चीक. माझं सगळं आयुष्य अडावदच्या या पॅकिंग शेडमध्ये गेलं, पण त्या चिकाची किळस गेली नाही. घडातून फण्या सोडवताना तो टपकतो, आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळपट. कपड्याचा सत्यानाश. पाहुणे यायच्या आत अंघोळ करून कपडे बदलले.

धनसिंग भाऊंनी बोलता बोलता विचारलं, "घरात कुणाला काही मोठं दुखणं?" मी म्हणालो, देवाच्या दयेने काही नाही. लता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. ज्योतीला बोलावलं नव्हतं ते बरंच केलं.

१९ मार्च, बुधवार

जळगावला ज्योतीचं ऑपरेशन झालं. तिचे यजमान हिलालराव सुरतेला कापडाच्या गिरणीत असतात. ते आले नाहीत. पहिल्या ऑपरेशननंतर त्यांचं येणं दिवाळीपुरतंच उरलं आहे. म्हणून मी.

हॉस्पिटलचा वास अजून नाकात आहे. फिनेल, औषधं आणि कुणीतरी डब्यातून आणलेली मेथीची भाजी, सगळं एकत्र. शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारी पिशवीत ओकत होती आणि तिचा मुलगा वडापाव खात होता. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

डॉक्टर बाईंनी मला गाठलंच. "तुम्ही भाऊ ना? आज आलाच आहात तर रक्त देऊन जा. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर कमी होतो, पण होतो. या दोषात जास्त."

भर कॉरिडॉरमध्ये! दोन नर्स ऐकत होत्या. म्हणालो, माझी गाडी भरायची आहे. त्या म्हणाल्या, "तुमची इच्छा. पण छातीत गाठ, बोंडातून काही येणं, असं दिसलं तर लगेच या."

बोंड म्हणे. जीभ कशी रेटते या लोकांची!

२२ मार्च, शनिवार

लताने हट्टाने ज्योतीला आठवडाभर आमच्याकडे आणलं आहे. आज एक प्रकार झाला. मधल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, मी चष्मा घ्यायला आत शिरलो. लता ज्योतीचं अंग पुसत होती. ज्योतीची पाठ भिंतीला होती, तोंड माझ्याकडे. डाव्या बाजूला काही नाही. आडवा व्रण आणि त्याच्या खाली बरगड्या. ती दचकली नाही की तिने पदर ओढला नाही. "चष्मा खिडकीत आहे," म्हणाली.

मी चष्मा न घेताच बाहेर आलो. हात धुतले. आणि खरं लिहायचं तर हिलालराव का येत नाहीत ते मला समजलं. हे कुणाला बोलता यायचं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

६ एप्रिल, रविवार

ऊन असह्य. आबांना ओसरीत कुलर लावून दिला.

डावीकडे छातीवर उष्णतेचा फोड आला आहे. खोकी उचलताना नेमकी तिथेच टेकतात. दुखत नाही, नुसता टणक आहे. काळं मलम लावतो.

लता सकाळी बनियन हातात घेऊन आली. "अहो, हे डाग निघतात. चीक कधी निघतो का?"

म्हटलं, निघतात तर चांगलंच आहे की! डाग राहिला तर तक्रार आणि निघाला तरी तक्रार.

१४ एप्रिल, सोमवार

धनसिंग भाऊंचा फोन आला. पसंती आहे. साखरपुडा १८ मेला. घरात सगळे खूश. पुनमने ज्योतीला फोन करून सांगितलं, मी नको म्हटलं होतं तरी. आता तिला बोलवावंच लागेल.

मलमाने फरक नाही.

३० एप्रिल, आखाजी

आज दोनदा ओळी खोडल्या. अक्षर बघून मलाच राग येतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ज्योती माहेरी आली. तिला मी काय नाही म्हणणार? आखाजीला खानदेशात कुठली लेक सासरी राहते? सकाळी लताने खापरावर मांडे केले, आमरस काढला. अंघोळ करून, धोतर नेसून, उघड्या अंगाने मी आईच्या नावाने आगारी टाकायला बसलो. गोवरीच्या विस्तवावर तूप सोडलं, मांड्याचा तुकडा सोडला, हात जोडले. वर पाहिलं तर ज्योती समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आईचा फोटो मागे होता, पण तिची नजर माझ्या छातीवर.

"दादा, हे केव्हापासून?"

"काय?"

"ते आत ओढलं गेलंय. बोंड. आणि हे काय लावलंयस?"

मी उपरणं ओढून घेतलं. आगारी टाकताना, आईसमोर, तोच शब्द! मी ओरडलो. म्हणालो, तुला दुसरं काही दिसत नाही का, स्वतःला झालं म्हणून सगळ्यांना लावत सुटली आहेस. ती रडली नाही. लताकडे वळून तिने विचारलं, "वहिनी, रक्त येतं?"

लता म्हणाली, "येतं. फेब्रुवारीपासून."

म्हणजे लताला माहीत होतं. मला कसं माहीत नव्हतं? मी रोज ते बनियन काढत होतो.

आबा खाटेवरून बोलले. "प्रेम, तुनी माय बी असंच करे. दुखे तरी सांगे ना. मी बी कधी इचारं नही."

मांडे तसेच राहिले.

३ मे, शनिवार

जळगाव. तपासणीच्या रांगेत सगळ्या बायका, आणि मधे मी. एका बाईने सरकून जागा दिली आणि विचारलं, मंडळी आत आहेत का? मी हो म्हणालो. नंतर माझं नाव पुकारलं, प्रेमराज अभिमन, तर सगळी रांग माझ्याकडे वळली.

आत मुलीच्या वयाची तंत्रज्ञ होती. माझी छाती तिने दोन काचांमध्ये दाबली. जे नाहीच ते ओढून ओढून दाबलं. "काका, श्वास रोखा." मी रोखला. वाटलं, सोडूच नये. मग सुई घालून तुकडा काढला.

शिसारी आली. तिची नाही, ती बिचारी नीट वागली. या अंगाची. बावन्न वर्षं याला घासून धुतलं, वासाचा साबण लावला, दुसऱ्याचा पेला कधी तोंडाला लावला नाही. आणि आत हे.

८ मे, गुरुवार

कॅन्सरच आहे.

डॉक्टर बाई म्हणाल्या, काखेत थोडं गेलं असावं, पण वेळ आहे, लवकर काढू. मी म्हणालो, अठराला मुलीचा साखरपुडा आहे, त्यानंतर. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मार्चमध्ये तुमच्याशी बोलले होते मी."

मी धनसिंग भाऊंना फोन केला आणि आबांची तब्येत बरी नाही असं सांगून तारीख पुढे ढकलली. आबा शेजारीच बसून ऐकत होते. ते कुलरकडे तोंड करून बसले.

२१ मे, बुधवार

मागच्या बुधवारी ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट. नळी आणि तिला बाटली, बाटलीत लालसर पाणी. ज्योतीच्या खाटेला अशीच बघून मी तोंड फिरवलं होतं. आता ती माझ्या सदऱ्याच्या खिशात असते, गरम लागते.

शेडवर सांगितलं आहे की चरबीची गाठ काढली. आमचा मुकादम रमजान भेटायला आला, बराच वेळ बसला, काही विचारलं नाही. जाताना म्हणाला, "भाऊ, चरबीच्या गाठीला एवढे दिवस लागत नाहीत. आराम करा."

लताला पट्टी बदलू देत नाही. दवाखान्यातून बाई येते तिच्याकडून बदलून घेतो, आणि तेव्हा भिंतीकडे बघतो. ज्योतीला शाळेची सुट्टी आहे, ती इथेच राहिली आहे. रोज माझं जेवण तीच करते, बिनमसाल्याचं. तिच्याशी नीट बोलता येत नाही. ती येऊन बसते आणि वर्तमानपत्र वाचते.

रक्तही दिलं. तपासणीचं.

११ जून, बुधवार

ज्योतीला आहे तोच दोष मलाही आहे.

ती फोनवर म्हणाली, "आता पुनमला सांग, दादा. तिचं रक्त तिनेच द्यायचं की नाही ते ठरवू दे." मी म्हणालो, साखरपुडा होऊ दे. ती म्हणाली, "लग्न होऊ दे, मूल होऊ दे, असंच ना?" आणि फोन ठेवला.

मला माझी किळस येते. रोगाची नाही. रोग आता काढून टाकला. मी अजून लपवतो आहे, आणि मला ते लपवणं आवडतंही आहे, बंद खोलीत बसल्यासारखं. तरीही मी पुनमला सांगितलं नाही. तिला अर्थातच माहीत आहे. ज्या मुलीने फेब्रुवारीत मला समजावलं तिला आता काय माहीत नसेल?

१५ जून, रविवार

धनसिंग भाऊ नवरा-बायको न कळवता आले. त्यांचे कुणी नातेवाईक जळगावला त्याच हॉस्पिटलात होते. सगळं कळलं होतं. बहिणीचंही.

मला वाटलं आता मोडतील. नाही मोडलं. धनसिंग भाऊ शांतपणे, समजूतदारपणे बोलत होते आणि मला घाम फुटत होता. "प्रेमराज भाऊ, तुम्ही लपवलं, ते जाऊ द्या. कुणीही लपवलं असतं. मुलीचं रक्त तपासून घ्या. चांगलं निघालं तर आमची काही हरकत नाही. वाईट निघालं तर मात्र आम्हाला पोराचा विचार करावा लागेल."

बायको म्हणाली, "रिपोर्ट आला की मोबाईलवर टाका. तारीख त्यानंतर धरू."

पुनम दारात उभी होती. हे सगळं तिच्या समोर. शेडमध्ये व्यापारी येतो, फणी उचलतो, उलटीपालटी करून बघतो, डाग दिसला की बाजूला टाकतो. मी तीस वर्षं हेच बघत आलो. मला अशी शिसारी कधी आली नव्हती, ना हॉस्पिटलात, ना त्या बाटलीची.

मी उठून उभा राहिलो. "रिपोर्ट मिळणार नाही. चहा झाला असेल तर निघा."

"अहो, आम्ही समजूतदारपणे..."

"निघा म्हटलं ना."

ते गेले. मला फार दिवसांनी बरं वाटलं. वाटलं, पुनम जवळ येईल. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली.

१६ जून, सोमवार

पुनम बोलली. चिडून नाही, त्यापेक्षा वाईट, सावकाश बोलली.

"पप्पा, फेब्रुवारीत तुम्ही त्यांना सांगितलं घरात काही नाही. मला विचारलं नाही. काल त्यांना हाकललं. तेव्हाही मला विचारलं नाही. लग्न माझं होतं ना?"

"त्यांनी तुझा अपमान केला."

"माझा केला. तुम्हाला काय बोलायचं ते तुम्ही बोललात. मला भूषण आवडला होता."

अजूनही वाटतं की मी बरोबर केलं. पण ती ओट्यावर मोठ्याने हसली होती ते आठवत राहिलं.

२२ जून, रविवार

ती एकटी यावलला जाऊन आली. भूषण बसस्टँडवर भेटायला आला होता. लताने विचारलं, मी नाही विचारलं. पुनम चपला काढत म्हणाली, "तो वाईट नाही. म्हणाला, मला चालेल, पण घरी विचारून सांगतो. मी म्हटलं, विचारू नकोस." मग ती जेवली. पोटभर जेवली. ज्योतीला फोन लावून जळगावची तारीख घेतली, रक्त द्यायची. मला म्हणाली, "तुम्हाला यायचं असेल तर या. आत मात्र मी एकटी जाईन."

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज निकाल होता. ज्योती धुळ्याहून थेट हॉस्पिटलात आली. मी आणि ती बाहेर बाकड्यावर बसलो. पुनम आत.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तिने आम्हा दोघांकडे बघितलं आणि मान हलवली. आहे. तिच्यातही आहे.

ज्योतीने तिला जवळ घेतलं. मी उभा राहिलो होतो, पण हातांचं काय करावं कळेना. डॉक्टर बाईंनी मग आम्हालाही आत बोलावलं, पण बोलत होत्या पुनमशी. आत्ता काही झालेलं नाही. पंचविशीपासून दरवर्षी तपासणी. मुलं हवी असतील तर होऊ शकतात. अंडाशयाचं चाळिशीच्या आसपास बघू. पुनम प्रश्न विचारत होती, नावं घेऊन, सगळ्या अवयवांची नावं घेऊन, तिच्या नेहमीच्या आवाजात. मला बाहेर निघून जावंसं वाटलं. खोटं का लिहू? पण मी खुर्चीत बसून राहिलो आणि एका औषधाचं नाव ती विसरत होती ते मी सांगितलं.

संध्याकाळी घरी आलो. आबांना लताने सांगितलं. आबा पुनमच्या डोक्यावर हात ठेवून बसले.

मी आतल्या खोलीत सदरा बदलायला गेलो. दार लावून घेतो, हल्ली सवय झाली आहे. पुनमने दार वाजवलं.

"पप्पा, दाखवा ना."

"काय?"

"ऑपरेशन. मला बघायचंय."

मी म्हणालो, जेवण करू आधी. ती हलली नाही. लतालाही मी दाखवलेलं नाही. अंघोळीच्या वेळी मीच बघत नाही. म्हणालो, तुला किळस येईल. ती म्हणाली, "येऊ दे की. बघून तर ठरवते."

मी बटणं काढली. बनियन वर केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर लता तुळशीला पाणी घालत होती. पुनम जवळ आली. तिने दिवा लावला. मग तिचं बोट लागलं, व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. तिथे मला काही जाणवत नाही, फक्त कडेला जाणवतं, जिथे चांगली कातडी सुरू होते.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते, पण नाक मुरडलेलं नव्हतं. मी नीट बघितलं, कुठे काही लपवते आहे का म्हणून. नव्हतं.

"एवढंच," मी म्हणालो.

तिने माझं बनियन खाली ओढलं, नीट केलं, आणि आईला हाक मारून भाकरी टाकायला सांगितली.